डिप्रेशनची गोळी, छातीतली धडधड आणि औषधांची बेरीज

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत माझं मेडिकल आहे. पुढं मिरजेकडं गेलं की दवाखानेच दवाखाने, त्यामुळं माझ्या काउंटरवर सगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या येतात. तासगाव, कवठेमहांकाळ, जत, शिवाय तिकडून अथणी-चिकोडीकडचीही माणसं डॉक्टरांना दाखवायला येतात आणि जाताना औषध घेऊन जातात. डिप्रेशनच्या गोळ्या घेणारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत. त्यातली काही आठवड्याभरात परत येतात. दुकानात दुसरं कोणी नाही ना हे बघून हळूच विचारतात, "मॅडम, ह्या गोळीनं हार्ट वीक होतंय म्हणं, खरं हाय काय?"

प्रश्न फालतू नाही. यातल्या काही गोळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर, बीपीवर परिणाम होऊ शकतो. पण काउंटरच्या या बाजूनं मला जे दिसतं ते डॉक्टरांच्या केबिनमधून सहसा दिसत नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी एक, हार्टच्या डॉक्टरांची दुसरी, गावातल्या डॉक्टरांनी घशासाठी दिलेलं अँटिबायोटिक तिसरं, आणि पित्ताची कॅप्सूल तर कुणी न सांगताच वर्षानुवर्षं चालू. हे सगळं एकत्र येतं ते पेशंटच्या पोटात. ज्यांना खरोखर त्रास झाला त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा या बेरजेचा हात असतो. एकट्या गोळीनं, नेमून दिलेल्या डोसमध्ये, तब्येतीनं बऱ्या माणसाला असं होणं दुर्मीळ.

डोस कमी-जास्त करायचा किंवा गोळी बदलायचा अधिकार माझा नाही. घरी काय बघायचं, डॉक्टरांसमोर काय ठेवायचं आणि कुठल्या वेळी वाट न बघता पळायचं, एवढं मी सांगू शकते.

आधी हे: गोळी आपल्या मनानं बंद करू नका

मोबाईलवर व्हिडिओ बघितला, भावकीतलं कुणी काहीतरी बोललं, आणि रात्रीपासून गोळी बंद. दोन-तीन दिवसांत गरगरायला लागतं, डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं होतं, झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो आणि छाती धडधडते. मग माणूस म्हणतो, "बघा, गोळीनं हार्टवर परिणाम केलाच की!" प्रत्यक्षात तो त्रास गोळी अचानक सोडल्याचा असतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या दोन गोळ्या सोडल्यावर हे लवकर आणि जोरात होतं. फ्लुओक्सेटिन शरीरातून निघायला आठवडे लागतात, म्हणून ती सुटली तर त्रास कमी आणि उशिरा दिसतो.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कितीतरी दुकानं पाण्यात होती, रस्ते बंद होते. बीपी-शुगरच्या गोळ्यांची आठवण सगळ्यांना होती. मनाच्या गोळ्यांचं नाव मात्र कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या घरात असू द्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये. या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, मग अडचणीच्या दिवशी तुमची आणि आमची दोघांचीही पंचाईत होते.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि बंद करायचीच असेल तर डॉक्टर ती हळूहळू, डोस कमी करत करत आणतात. त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी महिने.

याला अपवाद एकच. अचानक शुद्ध हरपली, छातीत कळ आली, नाडी वेडीवाकडी लागली, तर पुढची गोळी घ्यायची की नाही हा विचार घरी करत बसू नका. पट्टी खिशात घाला आणि दवाखाना गाठा, तिथले डॉक्टर ठरवतील.

पट्टीवरचं बारीक अक्षर

कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं. आपल्याला हवं असतं ते त्याच्या खालचं किंवा पाठीमागचं, औषधाचं खरं नाव. चष्मा लावा, नाहीतर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा. एकाच औषधाची पन्नास कंपन्यांची पन्नास नावं असतात, त्यामुळं "पांढरी छोटी गोळी" या वर्णनानं कुणालाच काही कळत नाही.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन हे एक घराणं. आज सर्वांत जास्त हीच चालतात. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, हात थरथरणं, अस्वस्थता, क्वचित धडधड वाढणं हे यांच्यात होतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होतं. मनाला बरं वाटायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर, हा या गोळ्यांचा विचित्र क्रम आहे. तो माहीत नसला की माणूस पहिल्या पट्टीतच हात टेकतो.

यातल्या एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट कमी करणारं औषध, मिसळलेली गोळीही खूप चालते. पट्टीवर दोन नावं आणि दोन आकडे दिसतील. त्यातला क्लोनाझेपाम सवय लावणारा आहे, आणि अशी जोडगोळी अचानक थांबवली तर दोन्ही औषधं सुटल्याचा त्रास एकदम होतो.

व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन हे दुसरं घराणं. यांच्याबाबत लक्ष ठेवायचं ते बीपीवर. विशेषतः व्हेनलाफॅक्सिनचा डोस जसा चढतो तसं काहींचं बीपी आणि नाडीचा वेग वाढतो. यातली गोळी चालू असेल तर डोस वाढल्यावर पहिले काही आठवडे बीपी मोजून वहीत लिहायचं. मोजायचं तेही नीट: पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही. माझ्या दुकानात जिना चढून धापा टाकत येणारे लगेच हात पुढं करतात. त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

तिसरं घराणं जुनं: अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, डोसुलेपिन. यांच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. कारण ही गोळी डिप्रेशनची आहे हे घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मणक्याचं दुखणं, शुगरमुळं पायांची आग, अर्धशिशी, झोप न येणं, या सगळ्यांसाठी अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सर्रास दिली जाते. घरात तिचं नाव "नसांची गोळी". त्या छोट्या डोसला बहुतेकांना फक्त तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सुस्ती येते. पण डोस मोठा असला की नाडी जलद होते, उभं राहिल्यावर बीपी पडून चक्कर येते आणि हृदयातून विजेचा संदेश पुढं जायला वेळ लागू शकतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आणि ज्यांच्या ईसीजीत ब्लॉक (म्हणजे या विजेच्या संदेशाला अडथळा, रक्तवाहिनीतला नव्हे) दिसलाय त्यांना हे घराणं सहसा देत नाहीत. तर जुन्या चिठ्ठीवरची नसांची गोळी चालूच असेल आणि मध्ये हार्टचं दुखणं निघालं असेल, तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

ही जुनी गोळी जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाला जीवघेणी ठरू शकते. लहान नातवंडांचा हात पोचेल अशा जागी ठेवू नका. घरात कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर पट्ट्या दुसऱ्या माणसानं स्वतःजवळ ठेवून रोजची एकच द्यावी, आणि डॉक्टरांना थोड्या दिवसांचीच चिठ्ठी लिहायला सांगावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मिर्टाझॅपिनबद्दल विचारणारे कमी असतात. तिचा ठोक्यावर परिणाम कमी, भूक आणि वजन मात्र वाढतं.

क्यूटी म्हणजे काय, आणि ते किती वाढतं

गुगलवर एस्सिटालोप्राम टाकलं की "क्यूटी वाढतो" हे शब्द येतात, आणि माणूस पुढचं वाचायच्या आत घाबरतो. प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज जाते, ते आकुंचन पावतात आणि पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतात. ईसीजीच्या कागदावर या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे क्यूटी. तो फार लांबला आणि तयार होण्याच्या नेमक्या त्या क्षणी एखादा चुकार ठोका पडला, तर ठोक्यांचा ताल बिघडून माणूस बेशुद्ध पडू शकतो, क्वचित दगावतोही. भीती आहे ती याची.

आता आकडे. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकतो, म्हणजे त्यावरचा एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंदांचा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तपासलं तेव्हा १० मिलिग्रॅम एस्सिटालोप्रामनं क्यूटी सरासरी साडेचार मिलिसेकंद वाढला. बारीक चौकोनाच्या दहाव्या भागाच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना कागदावर दिसणारही नाही. तिच्याच जुन्या भावंडाचा, सिटालोप्रामचा, ६० मिलिग्रॅमचा डोस मात्र साधारण साडेअठरा मिलिसेकंदांपर्यंत गेला. म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेनं सिटालोप्राम दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर देऊ नका म्हणून बजावलं, आणि मार्च २०१२ मध्ये साठीच्या पुढच्यांसाठी २० ची मर्यादा घातली. ब्रिटननं डिसेंबर २०११ मध्ये वयस्कांसाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवा असं सांगितलं. तुमच्या आईचं वय सत्तर असेल आणि पट्टीवर एस्सिटालोप्राम २० लिहिलेलं असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करून विचारा. कदाचित डॉक्टरांनी विचार करूनच दिलेली असेल. विचारल्यानं कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी चालेल.

याच घराण्यातली सर्ट्रालिन क्यूटीच्या बाबतीत सौम्य समजली जाते. सरसकट सगळ्या गोळ्यांना एकच शिक्का मारू नका.

ईसीजी कुणी काढून घ्यावा? धडधाकट तिशीतल्या माणसाला सर्ट्रालिन सुरू करताना तो लागतोच असं नाही. पण वय साठीच्या पुढं असेल, हार्टचं दुखणं असेल, पूर्वी कधी कारण नसताना चक्कर येऊन पडला असाल, जुन्या घराण्यातली गोळी मोठ्या डोसमध्ये सुरू होत असेल किंवा क्यूटी वाढवणारं दुसरं औषध चालू असेल, तर आपणहून मागा. एक गोळी सुरू होण्याआधी आणि एक डोस स्थिर झाल्यावर, असे दोन कागद असले की डॉक्टरांना फरक कळतो. काही मिनिटांचं काम आहे आणि खर्च फार नाही.

घराण्याचा इतिहासही सांगा. कुणी तरुणपणी झोपेत गेलं, खेळताना कोसळलं, किंवा चांगलं पोहता येत असून विहिरीत बुडालं, अशी गोष्ट घरात असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घालायची. जन्मतः क्यूटी लांब असणाऱ्यांच्यात पोहताना ठोका बिघडण्याचा एक प्रकार असतो. गावाकडं अशा मृत्यूला विहिरीतल्या आसरांवर सोडून देतात आणि विषय तिथंच मिटतो.

कागदावर मशीन स्वतःच "क्यूटीसी" म्हणून आकडा छापतं, म्हणजे नाडीच्या वेगाचा हिशोब धरून काढलेला क्यूटी, मिलिसेकंदांत. पुरुषांत ४५०, बायकांत ४६०-४७० पर्यंत ठीक समजतात. ५०० च्या वर गेला, किंवा आधीच्यापेक्षा ६० नं वाढला, तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. पण नाडी जलद असताना मशीनचं नेहमीचं गणित हा आकडा खऱ्यापेक्षा मोठा दाखवतं. घाबरलेला माणूस रिक्षातून उतरून थेट टेबलावर झोपतो, नाडी ११५, कागदावर ४६८, आणि तो आकडा व्हॉट्सॲपवर चार जणांना पाठवून आणखी घाबरतो. दहा मिनिटं शांत पडून मग काढलेला ईसीजी बघावा, आणि आकड्याचा अर्थ डॉक्टरांनी लावावा.

बेरीज करायची ती अशी

एका पिशवीत घरातली सगळी औषधं घाला. डब्यातली, देव्हाऱ्याशेजारची, पर्समधली, सगळी. आणि त्यात हे शोधा.

पित्ताची कॅप्सूल पहिली. आपल्याकडं मिसळीची तर्री आणि दिवसाला सहा चहा, त्यामुळं ही कॅप्सूल घराघरांत. तिच्यावर पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या पुढं "डोमपेरिडोन" लिहिलंय का बघा. डोमपेरिडोन स्वतः क्यूटी वाढवतं. एस्सिटालोप्रामसोबत, वय झालेल्या माणसानं, महिनोन् महिने ते घेणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी बेरीज आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल यांच्यामुळं एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणजे १० ची गोळी १० पेक्षा मोठी होऊन बसते. पित्ताला काय चालेल ते डॉक्टरांना विचारून बदलून घेता येतं.

मग अँटिबायोटिक. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही क्यूटी वाढवणारी नावं. गजकर्णासाठी पोटातून घेतलेली फ्लुकोनॅझोलही त्यात येते. गावातल्या डॉक्टरांना डिप्रेशनची गोळी चालू आहे हे सांगितलंत तर ते दुसरं काहीतरी देतील. अडचण इतकीच की तिथं कंपाउंडर ओळखीचा असतो, बाकावर शेजारीण बसलेली असते, आणि तोंडातून शब्द निघत नाही. नाही सांगवत तर पट्टी पुढं ठेवा. तोंडानं काही बोलायची गरज नाही.

उलट्या-जुलाब हा प्रकार वेगळा लिहायला हवा. जुलाबातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जातं, ते कमी झालं की हृदयाचा ताल आधीच नाजूक होतो. त्यात उलटी थांबायला ऑन्डान्सेट्रॉन दिली जाते, तीही क्यूटी वाढवते. त्यात ॲझिथ्रोमायसिन. चार दिवसांच्या गॅस्ट्रोत इतकी बेरीज सहज होते. मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याच्या शेडवर दिवसभर उन्हात काम करणारी बाई, पोट बिघडलेलं, पाणी कमी प्यालेली आणि एस्सिटालोप्राम चालू, अशी माणसं माझ्यापुढं उभी राहतात. ओआरएस पूर्ण पाकीट सांगितल्या पाण्यातच विरघळवून प्या, आणि डॉक्टरांना म्हणा, "डिप्रेशनची गोळी चालू आहे, पोटॅशियम बघायचं का?"

बीपीसाठी लघवीची गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड वगैरे, चालू असेल तर पोटॅशियम आणि सोडियम दोन्ही खाली येऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाला डिप्रेशनची गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ग्लानी, असंबद्ध बोलणं, तोल जाणं सुरू झालं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, सोडियम तपासा. खोकल्या-पित्तासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनीही लक्षात घ्या, ते नियमित आणि भरपूर घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. घरगुती आहे म्हणून ते पिशवीबाहेर ठेवायचं नाही. केळी, शहाळं, आपली तासगावची द्राक्षं या गोळ्यांबरोबर खुशाल खा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि शुगरवाल्यांनी तेवढं विचारून.

कंबरदुखीची ट्रामाडॉल या गोळ्यांबरोबर मिळाली तर अंगात सिरोटोनिन (या गोळ्या ज्याच्यावर काम करतात ते रसायन) जास्त होऊन घाम, थरथर, जलद नाडी, ताप येऊ शकतो. तीही डॉक्टरांना न सांगता घ्यायची नाही. फ्लुव्होक्सामिन घेणाऱ्यांच्या शरीरात चहा-कॉफीतलं कॅफीन नेहमीपेक्षा खूप वेळ राहतं, म्हणजे संध्याकाळच्या दोन कपांची धडधड रात्रीपर्यंत पुरते. आणि गालात तंबाखू ठेवून किंवा मिसरी लावून "गोळीनं धडधडतंय" म्हणणाऱ्यांना मी काय बोलू? निकोटिननं नाडी वाढते. पिशवीत ती पुडीही घाला.

धडधड सुरू झाली तर त्या वेळी

खाली बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. बसल्या जागी ६० ते १०० ठीक. ताल एकसारखा आहे की मध्येच गचके खातोय ते बघा. वेळ, आकडा, त्याआधी काय खाल्लं-प्यालं, गोळी कधी घेतली, हे लिहून ठेवा. दर पाच मिनिटांनी ऑक्सिमीटर लावून बसू नका, त्यानंच नाडी वाढते.

घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि पुढं अर्ध्या तासात ओसरायला लागतो. बोटांना मुंग्या, आपण आता मरणार अशी खात्री, श्वास पुरत नसल्याची भावना त्यात असते. पण पहिल्यांदाच झालं असेल तर हा पॅनिकच आहे असं घरी ठरवायचं नाही. तेव्हा ईसीजी काढूनच निष्कर्ष.

१०८ ला फोन कधी करायचा? छातीवर दाब, तो डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातोय, दरदरून घाम. चक्कर येऊन शुद्ध हरपली, मग भले मिनिटभर का असेना. बसल्या जागी नाडी खूप जलद आणि वेडीवाकडी आणि ती थांबेना. धाप लागून बोलता येईना. शुगरवाल्यांना, बायकांना आणि वयस्कांना अटॅक कळ न येताच येऊ शकतो, नुसतं मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. "पित्त झालंय" म्हणून सोडा पिऊन झोपलेली माणसं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.

नाडी उलट ५० च्या खाली आली आणि गरगरतंय, तर फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनसोबत मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपी-हार्टची नाडी मंद करणारी गोळी, चालू आहे का बघा. या दोन गोळ्या मेटोप्रोलॉल शरीरात साठू देतात. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

अँजिओप्लास्टी झालेल्यांनी घ्यावी का

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलगा विचारतो. "आबांना स्टेंट टाकलाय, आणि आता गप्पगप्पच असत्यात, जेवत न्हाईत. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिलीया. हार्टला झेपंल का?" आबांसारख्या माणसांवर प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे. नुकताच हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून अचानक उठणारं छातीतलं दुखणं) झालेल्या आणि सोबत डिप्रेशन असलेल्या ३६९ जणांवर सर्ट्रालिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. हृदयाच्या पंपिंगवर वाईट परिणाम दिसला नाही, क्यूटीवरही नाही. हृदयरुग्णांत सर्ट्रालिन बऱ्याचदा पहिली निवड असते ती यामुळं. दुसऱ्या बाजूला, अटॅकनंतर डिप्रेशन राहिलं तर माणसाचं पुढचं बरं होणंच अवघड होतं, हे अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. न जेवणारे, फिरायला न जाणारे, बाकीच्या गोळ्याही चुकवणारे आबा जास्त धोक्यात असतात.

काळजी घ्यायची ती रक्तस्रावाची. स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असतं, ते रक्त गोठू देत नाही. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम हेही थोडंफार तेच करतात. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आपल्या मनानं घेतली तर पोटातून रक्त जायची शक्यता वाढते. शौचाला काळं चिकट होणं, हिरड्यांतून रक्त, कारण नसताना अंगावर निळे डाग दिसले तर लगेच कळवा. पण स्टेंटच्या गोळ्या स्वतःहून बंद करणं हा सर्वांत वाईट उपाय आहे. तेवढं कधीही करू नका.

डॉक्टरांकडं जाताना

ती पिशवी न्या. शिवाय एका कागदावर: गोळी कधी सुरू केली, डोस कधी वाढला, धडधड कधी झाली, नाडी-बीपीचे आकडे, घरातल्या हार्टच्या गोष्टी. जुना ईसीजी असेल तर तोही. कागद कालांतरानं पुसट होतो म्हणून आधीच फोटो काढून ठेवा. आणि तीन प्रश्न विचारा. माझ्या वयाला हा डोस बरोबर आहे का? या पिशवीतल्या कशाशी ही गोळी जुळत नाही? ईसीजी किंवा पोटॅशियम-सोडियम बघायची गरज आहे का?

काही सासुरवाशिणी मला सांगतात, "गोळ्या पट्टीतून काढून साध्या डबीत घालून द्या, घरात कळाय नको." त्यांची अडचण मला कळते. तरी मी पट्टीसकटच देते, हवं तर बाहेरची पेटी काढून. रात्री-अपरात्री चक्कर येऊन पडलात तर दवाखान्यातल्या डॉक्टरांना डबीतल्या गोळ्या बघून काही समजत नाही.

गोळीमुळं खरोखर त्रास झाला असं डॉक्टरांचं किंवा तुमचं मत असेल तर तो सरकारकडं नोंदवता येतो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवतात, १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत नंबर आहे. पेशंटनं स्वतः फोन केला तरी चालतो. ते औषधाचं नाव, कधी सुरू केलं, काय झालं आणि बॅच नंबर विचारतात. बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला छापलेला असतो, म्हणून गोळ्या काढताना दुसऱ्या टोकापासून काढत या आणि अर्धी पट्टी घेत असाल तर नंबर असलेला तुकडा मागून घ्या.